छातीच्या संसर्गावरचं दुसरं औषध

माणसाच्या हाती जन्म नाही, मरण नाही. या दोहोंच्या मधे त्याच्या हाती असते ती फक्त योग्य औषधाची निवड, आणि ही निवड म्हणजे माणसाने पशूंवर केलेली सर्वांत मोठी मात आहे. हे वाक्य दवाखान्याच्या डॉक्टरांचं. ही मात त्यांनी एका मोठ्या तक्त्यावर छापून घेतली होती. डावीकडे रोग, मधे त्यावरचं पहिलं औषध, आणि उजवीकडे, पहिलं चालत नसेल तर दुसरं. तक्ता तपासणीच्या खोलीत दारामागच्या भिंतीवर टांगला होता. दार उघडलं की दाराची मूठ तक्त्यावर आपटायची. अकरा वर्षं आपटून तिथे बटाट्याएवढं भोक पडलं होतं, आणि त्या भोकात लघवीच्या जळजळीवरचं पहिलं औषध कायमचं गेलं होतं. तेव्हापासून जळजळ घेऊन येणाऱ्यांना डॉक्टर थेट दुसरं लिहून देत.

त्यातून कोणी दगावलं नाही, म्हणून तक्ता बदलायचं कारणही पडलं नाही.

दगावलं ते छातीच्या संसर्गाच्या ओळीत. तिथे भोक नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला औषधांच्या खिडकीतला फोन वाजला.

"औषधवाल्या बाई का?" फोनवरचा आवाज नाकातून येत होता. "पोलीस इन्स्पेक्टर बोलतोय. सोमवारी तुमच्याकडून औषध गेलेले हेडमास्तर काल दुपारी वारले. इस्पितळवाले म्हणतात, रोगाने नाही, औषधाने. तासाभरात येतो. खिडकी उघडी ठेवा, मला सर्दीवरही काहीतरी लागेल."

बाईंनी फोन ठेवला. सव्वीस वर्षं त्या या खिडकीमागे उभ्या होत्या. त्यांचं नाव भिंतीवरच्या परवान्यात, काचेखाली होतं; ते आजवर कोणी वाचलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या औषधवाल्या बाई.

त्यांनी कार्डांचा खोका ओढला. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, आणि आजवर इथून दिलेली प्रत्येक गोळी त्यावर. हेडमास्तरांचं कार्ड सापडलं. दोन वर्षांपूर्वीची नोंद वाचून बाई स्टुलावर बसल्या.

दाढ सुजली होती. पेनिसिलिनच्या घरातल्या कॅप्सुला दिल्या होत्या. बाईंना तो दिवस लख्ख आठवत होता, कारण दुसऱ्या दिवशी हेडमास्तर काठी आपटत परत आले होते. एक कॅप्सूल कमी भरली, आणि जिला वीसपर्यंत मोजता येत नाही तिला परवाना कोणत्या गाढवाने दिला, असं त्यांनी भरल्या दवाखान्यात विचारलं होतं. कॅप्सूल त्यांच्याच खिशात निघाली. ती त्यांनी तिथेच, पाण्याशिवाय गिळली. अंगावर साधी गांधीही उठली नव्हती.

आणि या सोमवारी दवाखान्यात शिरताना भरलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं: अ‍ॅलर्जी – पेनिसिलिन.

सोमवारी बाईंनी हे कार्ड काढलंच नव्हतं.

डॉक्टर आत आले. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला लागणारी कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नव्हती.

"बाई, औषध देताना विचारायचं असतं, आणखी काही गोळ्या चालू आहेत का म्हणून. विचारलंत?"

"फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं."

"फॉर्म मी बघायचा. माणूस तुम्ही बघायचा. विचारलंत का?"

"नाही. गर्दी होती."

"झालं तर. परवान्याच्या ऑफिसला मी सकाळीच कळवलंय. चार वाजता त्यांचा माणूस येईल, तो परवाना काढून घेऊन जाईल." डॉक्टरांनी भिंतीवरच्या काचेकडे असं पाहिलं की जणू तिथे आता कॅलेंडर लावता येईल. "मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी पर्याय मी बघून ठेवलाय."

*

इन्स्पेक्टर एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन आले. बाईंनी त्यांना सर्दीची गोळी दिली. देण्याआधी, आणखी कोणत्या गोळ्या घेता, असं तीनदा विचारलं.

"आता विचारताय," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि पिशवी तपासणीच्या टेबलावर उपडी केली.

हेडमास्तरांच्या उशाशी सापडलेली औषधं होती. सात खोकी. इन्स्पेक्टरांनी एकेक उघडलं, पट्ट्या बाहेर काढल्या, आतले माहितीचे कागद उलगडले. बोटभर घडी उलगडली की कागद टॉवेलाएवढा होतो. बघता बघता टेबल कागदांनी भरलं. एक कागद त्यांनी पुन्हा खोक्यात कोंबून पाहिला. तो गेला नाही. दुसऱ्यांदा कोंबला तेव्हा खोकं फाटलं.

"कागद कोणी उघडलेले दिसत नाहीत," ते म्हणाले. "कंपनीतून आले तसेच घडी घातलेले होते. म्हणजे घरात कोणी वाचलं नाही."

बाईंनी एक कागद हातात घेतला. घड्या अगदी जागच्या जागी होत्या. पण कागद घडीवर मऊ पडला होता, जुन्या नोटेसारखा. तो त्यांनी परत टेबलावर ठेवला.

"हे काय?" इन्स्पेक्टरांनी एक पट्टी उचलली.

"गाउटची गोळी. पायाच्या अंगठ्याचा सांधा इतका सुजतो की वरची चादरही सोसत नाही. त्यावर पहिलं औषध म्हणजे साधी सूज उतरवणारी गोळी. पण मूत्रपिंडं कमजोर असली तर ती देत नाहीत. मग ही. ही दुसरी."

"तुम्ही दिलीत?"

"नाही. माझ्या कार्डावर ही नाहीच. मूत्रपिंडाच्या स्पेशालिस्टने लिहिली असेल आणि बाहेरच्या दुकानातून आली असेल."

"बरोबर. मुलगा ऑफिसवरून येताना आणायचा. आणि तुमचं सोमवारचं?"

"हे. छातीच्या संसर्गावर पहिलं औषध पेनिसिलिनच्या घरातलं. त्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे दुसरं."

"म्हणजे हेही दुसरं."

"हो. एकेकटी दोन्ही सज्जन आहेत. एकत्र आली की ही नवी गोळी शरीराला जुनी गोळी बाहेर टाकू देत नाही. त्यात मूत्रपिंडं अधू. जुनी आत साचत जाते. आधी उलट्या, जुलाब. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं. मग आतला एकेक अवयव दुकान बंद करत जातो."

"चार दिवस लागले," इन्स्पेक्टर म्हणाले. "चारही दिवस म्हातारा बायकोला म्हणत होता, तुझ्या हातचं बाधलं." त्यांनी नाक पुसलं. "बाई, सरळ सांगतो. फॉर्मवर खोटं कोणी सांगितलं ते चारच्या आत कळलं, तर हा खून. नाही कळलं, तर तुमची हलगर्जी. मला दोन्हीचा कागद लिहिता येतो."

डॉक्टर दाराशी उभे होते. "मी तक्त्याबाहेर एक अक्षर लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "अख्ख्या गावाला माहीत आहे, मी तक्त्याबाहेर जात नाही."

"हेडमास्तरांनाही माहीत होतं?"

"त्यांना तर पाठ होता. फार चिकित्सक माणूस. प्रत्येक औषधाच्या कागदातलं कलम न् कलम मला ऐकवायचे. मोतीबिंदू असा पिकलेला की समोर डॉक्टर आहे की खांब ते कळत नव्हतं, पण कलम चुकायचं नाही."

"आणि घरची माणसं कुठे बसायची?"

"इथे, या बाकावर. दार लावलं की समोर तक्ता. वाचायला दुसरं काही ठेवलेलं नाही. मासिकं लोक पळवतात."

*

दवाखान्यात शिरताच डाव्या हाताला एक खिडकी होती. तिची काच दुधी होती आणि खाली अर्धचंद्राएवढं भोक होतं. त्यामागे फॉर्म भरून टोकन देणारी खिडकीवाली बसायची.

"सोमवारी हेडमास्तरांचा फॉर्म कोणी भरला?" इन्स्पेक्टरांनी बाईंसमोरच तिला विचारलं.

"मी भरते. ते सांगतात, मी लिहिते."

"कोणी सांगितलं?"

"साहेब, मला इथून हात दिसतात. साडेतीन वर्षांत एक तोंड पाहिलेलं नाही. तोंडं पाहिली असती तर नोकरी टिकली नसती."

"आवाज?"

"बाईमाणसाचा. मी म्हटलं, औषधाची अ‍ॅलर्जी. ती म्हणाली, पेनिसिलिनची, अंगभर गांध्या येतात. मी म्हटलं, दुसरी औषधं चालू. ती म्हणाली, काही नाही."

"हात कसा होता?"

"हातासारखा. पण त्यात गाडीची किल्ली होती, ती तिने इथे ठेवली. लाल लोकरीचा गोंडा होता किल्लीला."

"पेशंट शेजारी होता?"

"नव्हता. मी टोकन सरकवलं तेव्हा बाहेर गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. मग बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याच्या शिव्या आत आल्या, आणि मग म्हातारा."

लाल गोंडा इन्स्पेक्टरांनी तासाभरापूर्वीच पाहिला होता. हेडमास्तरांच्या सुनेच्या बोटात.

*

तीन वाजता तिघं आले. मुलगा, सून आणि हेडमास्तरांची बायको. तपासणीच्या खोलीत कागद अजून तसेच पसरलेले होते. काकू, म्हणजे हेडमास्तरांची बायको, कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. त्या अशा बसल्या की बाक रिकामाच वाटावा.

सून एका औषध कंपनीची प्रतिनिधी होती. दिवसाला दहा डॉक्टरांना हसून भेटायची. त्यामुळे घरी आल्यावर तिच्याकडे हसू उरत नसे.

"सोमवारी गाडी तुम्ही चालवत होता?"

"मीच. घरात दुसऱ्या कोणाला येत नाही."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. नवऱ्यालाही देत नाही."

"नाहीच देत," मुलगा म्हणाला. त्याला पहिल्यांदाच काहीतरी खात्रीने सांगता आलं होतं.

"या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, माझं पोटच त्यावर आहे. माहीत होतं."

"मग सोमवारी औषध घरी आल्यावर बोलला नाहीत?"

"मी त्यांना दारात सोडून कामाला गेले. पिशवीत काय आहे ते पाहिलंही नाही. पाहावंसं वाटायला माणूस आवडता लागतो. पाहुणे आले की ते माझी ओळख करून द्यायचे, 'ही आमची फेरीवाली'."

"बाबा विनोदी होते," मुलगा म्हणाला.

"फॉर्म तुम्ही सांगितलात?"

"नाही. मी बाहेर होते. गाडीतून त्यांना उतरवलं. अंगठा सुजलेला, पाय टेकत नव्हते. बगलेत दोन्ही हात घालून तीन पायऱ्या चढवल्या. पायरीला एक शिवी. आत आले तर टोकन तयार."

"किल्ली तुमची, आवाज बाईचा, माहिती तुमच्या धंद्यातली. मग सांगितलं कोणी? सासूबाईंनी?"

सून पहिल्यांदाच हसली. "त्यांनी? अहो, त्यांना गोळ्यांचे रंग कळतात. सकाळी पांढरी, दुपारी पिवळी. त्या बाकावर बसल्या होत्या."

"काकू, तुम्ही बाकावर होता?"

"बाकावर," काकू म्हणाल्या.

"आईला यात ओढू नका," मुलगा म्हणाला. "तिने आयुष्यात पेपर उघडला नाही. बाबा तिला पर्यायी म्हणायचे. लाडाने हो. त्यांनी आधी मावशीला मागणी घातली होती. मावशी नाही म्हणाली, म्हणून मग आई. जेवताना मीठ कमी पडलं की म्हणायचे, पहिलं मिळालं नाही की माणसाला दुसऱ्यावर भागवावं लागतं. आम्ही हसून हसून लोळायचो. आईसुद्धा."

काकू आताही हसल्या. सवय होती.

"मावशी असतात कुठे?"

"मागच्या महिन्यात गेली."

इन्स्पेक्टर उठले. त्यांनी सुनेकडे पाहून, जरा बाहेर चला, असं म्हटलं. सून जागची हलली नाही, पण तिच्या तोंडाचा रंग उतरला. मुलगा बायकोपासून दोन बोटं लांब सरकला. संसार बारा वर्षांचा होता. सरकायला दोन सेकंद पुरली.

बाई औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या. साडेतीन वाजले होते. त्यांना काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. सुनेने खोटं सांगितलं असं ठरलं की हा खून, हलगर्जी नव्हे. परवाना काचेखाली राहील. सून उर्मट होती, कोणाची लाडकी नव्हती, आणि तिच्यासाठी रडणारं एकमेव माणूस आत्ताच दोन बोटं सरकलं होतं. याहून सोयीचा गुन्हेगार शोधून मिळाला नसता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बाकाकडे गेलं.

काकूंना पसारा सोसत नव्हता. टेबलाच्या कडेवरून एक कागद लोंबत होता, तो त्यांनी ओढून घेतला. नजर समोर सुनेवर होती. हात आपले आपण चालले होते. आडवी घडी, पुन्हा आडवी, मग उभी, मग उलटी, मग चिमटीत दाबून एक. टॉवेलाएवढा कागद बोटाएवढा झाला आणि न अडखळता खोक्यात गेला. त्यांनी दुसरा घेतला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "त्यांना नेऊ नका. हात मोकळे नव्हते त्यांचे."

*

"काय?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"म्हाताऱ्याला तीन पायऱ्या चढवायला दोन्ही हात लागले. दोन्ही हात कामात असलेला माणूस किल्ली कुठे ठेवतो? जवळच्या माणसाच्या हातात देतो आणि म्हणतो, पुढे व्हा, नंबर लावा. खिडकीवालीने काय सांगितलं? टोकन दिल्यावर गाडीचं दार लागलं. म्हणजे खिडकीशी बोलणारी बाई आत होती तेव्हा गाडी उघडणारी बाई अजून बाहेर होती. गाडीत बाया दोनच होत्या."

सुनेने हळूच सासूकडे पाहिलं. "मी दिली होती," ती म्हणाली. "किल्ली. विसरलेच होते. कोणी लक्षात ठेवतं का, खुंटीला काय अडकवलं ते."

"पण यांना औषधातलं काय कळतं?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"हेडमास्तरांना खांब आणि डॉक्टर यांतला फरक दिसत नव्हता. तरी ते कागदातलं कलम न् कलम म्हणायचे. म्हणजे कोणीतरी रोज वाचून दाखवत होतं. दिवसा घरी कोण असायचं?"

बाईंनी टेबलावरचा एक कागद उचलला.

"तुम्ही म्हणालात, कागद कोणी उघडले नाहीत. साहेब, सव्वीस वर्षांत उघडलेला कागद पुन्हा कंपनीच्या घडीत घालणारा माणूस मी पाहिला नाही. मला येत नाही. तुम्ही तर खोकं फाडलंत. पण या कागदांच्या घड्या मऊ होत्या. शंभरदा उघडलेले आणि शंभरदा मिटलेले. आता काकूंच्या हातात बघा."

सगळ्यांनी पाहिलं. काकूंच्या मांडीवर चार खोकी नीट बंद करून ठेवली होती. पाचवं चाललं होतं. त्यांचे हात थांबले.

"आता फॉर्म," बाई म्हणाल्या. "त्यावर दोन खोटी आहेत. एकच असतं तर मी चूक म्हटलं असतं. अ‍ॅलर्जीचं खोटं डॉक्टरांना पहिल्या औषधावरून दुसऱ्यावर ढकलतं, कारण डॉक्टर तक्त्याबाहेर जात नाहीत. आणि 'काही चालू नाही' हे खोटं माझ्यापासून गाउटची गोळी लपवतं. एक खोटं माणसाला खड्ड्याकडे वळवतं, दुसरं खड्ड्यावर चटई टाकतं. दोन्ही लागतात. हे जुळवायला डॉक्टर असावं लागत नाही. गाउटच्या गोळीचा कागद तोंडपाठ हवा, म्हणजे कोणतं औषध जवळ येऊ द्यायचं नाही ते कळतं. आणि समोरचा तक्ता वाचलेला हवा, म्हणजे ते औषध कोणत्या रोगात, कितव्या नंबराला मिळतं ते कळतं. मग नुसतं खोकल्याची वाट बघायची."

"आई, सांग ना यांना," मुलगा म्हणाला. "सांग, तुला वाचता येत नाही नीट."

"दुसरं पान, तिसरा परिच्छेद," काकू म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, शाळेत धडा म्हणतात तसा. "'सदर गोळी चालू असताना पुढील औषधे घेऊ नयेत.' पुढे सात नावं आहेत. तुमच्या तक्त्यातलं चौथं. एकही उच्चार चुकला की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचे. छडी होती त्यांच्याकडे, शाळेतली. मारायचे नाहीत. नुसती गादीवर वाजवायचे. मोतीबिंदू झाल्यापासून सहा वर्षं."

"काकू, त्यासाठी?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"छे. त्याची सवय झाली होती." काकूंनी पाचवं खोकं बंद केलं. "मागच्या महिन्यात माझी बहीण गेली. हे तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी समोरचे लोक भेटायला आले. त्यांना म्हणाले, आज मी विधुर झालो. मी चहा घेऊन उभी होते. लोकांनी चहा घेतला. चांगला झाला होता."

मुलगा हसला नाही. पहिल्यांदाच.

"त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली, तेव्हा मला वाटलं, बघू," काकू म्हणाल्या. "मीही बघितलं, दुसऱ्याने काय काय होतं."

"आणि ते चार दिवस?"

"तेव्हाही मी वाचून दाखवत होते. दुष्परिणामांचा भाग. नव्या औषधाचं नाव तेवढं त्यांना कळू दिलं नव्हतं. उलटी, जुलाब, अशक्तपणा. एकेक आलं की हे म्हणायचे, पुढचं वाच. शेवटच्या ओळीला आवाज चढवून म्हणाले, नीट वाच. मी नीट वाचलं."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "म्हणजे तक्त्यात चूक नव्हती," ते म्हणाले. ते खरोखर सुखावले होते.

काकू बाईंकडे वळल्या. "तुम्हाला मात्र मी खोटं बोलले नाही हं."

"मला?"

"सोमवारी पिशवी मीच पुढे केली होती. तुम्ही सगळ्यांना विचारता, आणखी काही चालू आहे का. माझ्या पुढच्याला विचारलंत. मी ठरवलं होतं, मला विचारलंत तर खरं सांगायचं. तुम्ही फॉर्म बघितलात आणि पिशवी दिलीत."

बाई कपाटापासून दोन पावलं पुढे आल्या. "खिडकीवालीनेही विचारलंच होतं की."

"ती विचारत नाही. नुसतं म्हणते. माझ्याकडे बघून मला काहीतरी विचारलंय असं आठवत नाही बाई मला. विचारलं असतंत तर खोटं कशी बोलले असते? जमलंच नसतं."

चार वाजता परवान्याच्या ऑफिसचा माणूस आला. इन्स्पेक्टरांनी त्याला दारातच गाठून खून झाल्याचं सांगितलं. तो जरा हिरमुसला. परवाना बसेल एवढी पिशवी आणली होती त्याने. त्याने एका कागदावर लिहिलं: 'पेशंटला विचारले नाही. ताकीद.' बाईंनी सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं. एवढं खरं त्यांच्याविषयी कोणी आजवर लिहिलं नव्हतं.

"तेवढ्यावर सुटलात," डॉक्टर म्हणाले. "पण मी त्या दुसऱ्या बाईंना सोमवारी यायला सांगून बसलोय. आता त्यांना काय सांगू?"

बाईंनी हेडमास्तरांचं कार्ड खोक्यात परत ठेवलं.

सून गाडीची किल्ली मुठीत धरून भिंतीशी उभी होती. मुलगा तिच्याकडे दोन बोटं परत सरकून पाहत होता. ती चार बोटं सरकली.

इन्स्पेक्टरांनी काकूंना उठायला हात दिला. त्या नको म्हणाल्या, आपल्या आपण उठल्या. मांडीवरची खोकी ओळीने टेबलावर लावली, पदर नीट केला, आणि इन्स्पेक्टरांमागून तीन पायऱ्या उतरून पोलिसांच्या गाडीपाशी गेल्या. शिपायाने मागचं दार उघडलं. काकू थांबल्या.

"पळायचा विचार नाही ना, काकू?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "पण मी पुढे बसू का? मागे बसलं की मला मळमळतं."